परकायाप्रवेश : जुनी पेटी, नवा पडदा

'शटरचा टीव्ही' हा शब्दप्रयोग ज्यांनी रोजच्या बोलण्यात वापरला आहे, अशी पिढी आता पन्नाशीच्या आसपास किंवा तिच्या पलीकडे आहे. चार पायांवर उभी असलेली लाकडी पेटी, तिच्या दर्शनी भागात डावी-उजवीकडे सरकणारी लाकडी पट्ट्यांची झडप, झडपेला लहानसे कुलूप आणि माथ्यावर क्रोशाने विणलेला रुमाल : सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांतील कित्येक मध्यमवर्गीय घरांत बैठकीच्या खोलीचे हे केंद्र होते. त्या पेट्यांतील यंत्रे केव्हाच निकामी झाली. पेट्या मात्र पुष्कळ ठिकाणी टिकून राहिल्या. मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात त्या अधूनमधून दिसतात. काही घरांत त्या माळ्यावर पडून आहेत. अशी पेटी उतरवून, तिच्यातील काचेची जड पिक्चर ट्यूब काढून, तेथे आजचा सपाट पडदा बसवण्याची हौस अलीकडे बरीच दिसते. बाहेरून १९७८, आतून आजचे साल, असा हा संसार आहे.

या हौसेकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा रूढ आहेत. एका पक्षाला तो जुन्याचा सन्मान वाटतो : वस्तू भंगारात गेली असती, ती वाचली आणि पुन्हा उपयोगाला आली. दुसऱ्या पक्षाला तो पेंढा भरलेला वाघ वाटतो : कातडे खरे, वाघ मात्र गेला. साहित्याच्या अभ्यासकाला हे दोन्ही सूर ओळखीचे वाटावेत. जुन्या नाटकाचे नव्या रंगावृत्तीत रूपांतर होते, जुन्या ग्रंथाची नव्या लेखनपद्धतीत आवृत्ती निघते, तेव्हा हेच दोन पक्ष समोरासमोर उभे राहतात आणि बहुधा हीच वाक्ये बोलतात.

आमच्या मते दोन्ही पक्षांची नजर लाकडावर खिळलेली आहे. पेटी जतन झाली की नाही, हा प्रश्न ते पेटीच्या दिसण्यावरून सोडवू पाहतात. पेटी काय करत होती, हे विचारले तर उत्तर निराळे येते. ती पेटी मिटत होती. तिची झडप हा तिचा सर्वांत अर्थपूर्ण अवयव होता, आणि नवा पडदा बसवताना बहुतेकदा पहिला बळी जातो तो याच अवयवाचा. झडप मागे सरकवून कायमची ठोकून टाकतात किंवा काढूनच टाकतात, कारण नव्या पडद्याची सुंदर, उजळ चौकट सतत दिसावी अशी इच्छा असते. पेटी राहते, तिचे मिटणे जाते. या लेखाचा विषय ते मिटणे आहे.

प्रथम वस्तूचा इतिहास थोडक्यात पाहू. भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक स्वरूपात झाला. मुंबई केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील मनोऱ्यामुळे पुण्याला ते दिसू लागले. दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले १ एप्रिल १९७६ रोजी. रंग आले १९८२ साली, त्या वर्षीच्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने. म्हणजे मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाच्या वाट्याला साधारण दहा वर्षांचा निखळ कृष्णधवल काळ आला. लाकडी पेटीचा भरभराटीचा काळ तो हाच. संच विकत घेणे ही मोठी खरेदी असे. १९८५ साली परवान्याची अट उठेपर्यंत संचासाठी वार्षिक परवाना घ्यावा लागे. जी वस्तू घेण्यासाठी कुटुंब बचत करते आणि जिच्यासाठी सरकारची अनुमती लागते, ती वस्तू कपाटासारखी, देव्हाऱ्यासारखी, दारे असलेली असणे त्या काळाला विसंगत वाटले नाही.

दारांची कल्पना आपली एकट्याची नव्हती. पन्नाशीच्या दशकातील अमेरिकेत दूरचित्रवाणी संच फर्निचर म्हणूनच विकले जात. त्यांतील काहींना दारे असत. लिन स्पिगेल यांनी 'मेक रूम फॉर टीव्ही' या १९९२ सालच्या ग्रंथात त्या काळातील गृहोपयोगी मासिकांचा अभ्यास केला आहे. नवे यंत्र घरात कोठे ठेवावे, ते डोळ्यांआड कसे करावे, याविषयी त्या मासिकांना पडलेली चिंता त्यांनी बारकाईने नोंदवली आहे. यंत्र घरात आणायचे होते, पण त्याने घराचा ताबा घ्यावा असे नको होते. दार हा त्या तडजोडीचा मसुदा होता. पुढे अशा मोठ्या संचाची नळी गेली की लाकडी पेटी तशीच ठेवून तिच्या माथ्यावर लहान चालू संच ठेवण्याचा प्रघात तेथे इतका सार्वत्रिक झाला की तो विनोदाचा विषय बनला. मेलेला संच चालू संचाचा ओटा झाला. आजची नवी भरती ही त्याच्या पुढची पायरी : माथ्यावरचा संच आता पोटात गेला आहे.

आपल्याकडील झडपेची रचना साधी आणि हुशार होती. अरुंद लाकडी पट्ट्या जाड कापडावर एकमेकींना लागून चिकटवलेल्या असत. त्यामुळे लाकूड असूनही ती झडप कापडासारखी वळत असे. पेटीच्या वरच्या आणि खालच्या फळीत खाचा असत. झडप त्या खाचांतून सरकून कडेला वळसा घेई आणि पेटीच्या अंगात नाहीशी होई. उघडलेले दार खोलीत अडथळा करते. ही झडप उघडल्यावर दिसतच नसे. रंगमंचाचा पडदा दोन्ही विंगांत जावा तसे ते होते. कार्यक्रम संपला की त्या पट्ट्या खडखडत परत येत. झडपेला धूळ, उन्हाची तिरीप, लहान मुलांचे हात यांपासून रक्षण ही व्यावहारिक कारणे होतीच. पण केवळ धुळीसाठी कापडाचे झाकणही पुरले असते. झडपेने आणखी एक काम केले : पाहणे ही सुरुवात आणि शेवट असलेली क्रिया आहे, हे तिने रोज घरात घडवून दाखवले.

हे काम तिला सोपे गेले, कारण प्रक्षेपणालाही सुरुवात आणि शेवट होता. आरंभीच्या काळात मुंबई केंद्राचे कार्यक्रम मुख्यतः संध्याकाळचे काही तास चालत. 'आमची माती, आमची माणसं' शेतकऱ्यासाठी, 'प्रतिभा आणि प्रतिमा' साहित्यकलांच्या रसिकासाठी, 'गजरा' हलक्याफुलक्या नाट्यछटांसाठी. प्रत्येकाला आपली वेळ होती. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ ठरल्या वारी भेटत आणि निघून जात. मधला काळ रिकामा असे. प्रक्षेपण संपले की पडद्यावर फक्त मुंग्या उरत, आणि मुंग्यांकडे कोणी पाहत बसत नाही.

रेमंड विल्यम्स यांनी १९७४ साली 'टेलिव्हिजन : टेक्नॉलॉजी अँड कल्चरल फॉर्म' या पुस्तकात एक निरीक्षण मांडले, ते आता माध्यमांच्या अभ्यासात सर्वपरिचित आहे. दूरचित्रवाणीचा खरा घटक सुटा कार्यक्रम नसून 'प्रवाह' आहे, असे त्यांना अमेरिकन वाहिन्या पाहताना जाणवले. बातमी, जाहिरात, चित्रपट, पुढील चित्रपटाची झलक ही सगळी एकमेकांत मिसळून सलग वाहत राहतात आणि प्रेक्षक त्या वाहण्यालाच पाहत राहतो. विल्यम्स हे लिहीत होते त्या वेळी मुंबईत प्रवाह अजून आलेला नव्हता; आपल्याकडे पाणी ठरल्या वेळी येत होते, नळाला यावे तसे. झडप ही त्या नळाची तोटी होती. आज स्थिती उलटी आहे. चोवीस तासांच्या वाहिन्या जुन्या झाल्या. आता मागणीबरोबर हजर होणाऱ्या मालिका आहेत, एक भाग संपताच पुढचा आपोआप सुरू होतो आणि तो थांबवण्यासाठीच हालचाल करावी लागते. शेवट ही गोष्ट माध्यमाच्या बाजूने नाहीशी झाली आहे. ती कोठे असेलच तर घराच्या बाजूने असू शकते. म्हणून आम्हाला असे वाटते की झडपेची गरज १९७५ सालापेक्षा आज अधिक आहे. तेव्हा शेवट प्रक्षेपणकेंद्रातूनच होत असे, झडप त्याला केवळ अनुमोदन देई. आता मिटण्याची सगळी जबाबदारी तिच्यावर येऊन पडते.

येथे आपल्या परंपरेतील दोन कल्पना समोर ठेवल्या तर या नव्या भरतीचे स्वरूप स्पष्ट होते. पहिली नवकलेवराची. पुरीला ज्या वर्षी अधिक आषाढ येतो त्या वर्षी जगन्नाथ, बलभद्र, सुभद्रा आणि सुदर्शन यांच्या काष्ठमूर्ती नव्याने घडवल्या जातात. जुन्या मूर्तींतील ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तींत स्थापन केला जातो आणि जुन्या मूर्तींना मंदिराच्या आवारातच समाधी दिली जाते. असे अलीकडचे नवकलेवर २०१५ साली झाले, त्याआधीचे १९९६ साली. तेथे लाकूड बदलते, आतले तत्त्व तेच राहते. गीतेतील जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्तही याच दिशेचा. दूरचित्रवाणीच्या पेटीत मात्र हा क्रम उलटा होतो : आतले सारे बदलते आणि लाकूड तेच राहते. म्हणून येथे नवकलेवराची उपमा लागू पडत नाही.

दुसरी कल्पना परकायाप्रवेशाची, आणि ती अधिक जुळते. मंडनमिश्रांच्या पत्नीबरोबरच्या वादात शंकराचार्यांना कामशास्त्राविषयी प्रश्न विचारला गेला, तेव्हा अनुभव घेण्यासाठी त्यांनी अमरुक राजाच्या मृत देहात प्रवेश केला, अशी आख्यायिका आहे. या कथेतील मार्मिक भाग प्रवेशानंतरचा आहे. राजाच्या देहात राहता राहता यतीला स्वतःचा विसर पडू लागतो, आणि शिष्यांना येऊन त्याला जागे करावे लागते. म्हणजे देह हे निमूट भांडे नाही. त्यात शिरणाऱ्यावर तो आपले संस्कार करतो. नव्या पडद्याला जुन्या पेटीत बसवताना आम्ही विचारू इच्छितो तो प्रश्न हाच : पेटीने पडद्यावर काही संस्कार केला का? की पडदाच पेटीत शिरून पूर्वीसारखाच वागत राहिला? पेटीमुळे पाहण्याच्या रीतीत काहीच फरक पडला नसेल, तर परकायाप्रवेश झालेला नाही. फक्त वेषांतर झाले आहे.

आता थोडी भूमिती, कारण या विषयात भूमितीच बरेच काही सांगते. जुन्या पडद्याच्या रुंदी-उंचीचे प्रमाण चारास तीन होते. पडद्याचे माप कर्णावर मोजतात. पायथागोरसाच्या तीन-चार-पाचच्या त्रिकोणामुळे वीस इंची पडद्याची रुंदी सोळा इंच आणि उंची बारा इंच भरते. आजच्या पडद्याचे प्रमाण सोळास नऊ आहे. त्याच सोळा इंची खिडकीत तो बसवला तर उंची भरते नऊ इंच. खिडकीतील तीन इंचांची पट्टी, म्हणजे क्षेत्रफळाचा चौथा भाग, रिकामा राहतो. (कडांची जाडी धरली तर हिशोब आणखी थोडा बिघडतो.)

या तीन इंचांचे काय करायचे, यावर कारागिराची वृत्ती कळते. एक जण खिडकी रुंद कापतो आणि कडेच्या लाकडाला कायमचा मुकतो. झडपेच्या खाचाही बहुधा त्यातच जातात. दुसरा वर-खाली दीड-दीड इंचाची फळी ठोकून पोकळी बुजवतो, त्यामुळे मूळ खिडकी किती होती हे कोणाला कळतही नाही. तिसरा पट्टी काळी ठेवतो आणि ती दिसू देतो. चौथा चारास तीन प्रमाणाचा सपाट पडदा शोधून काढतो. २००० नंतरच्या पहिल्या दशकात संगणकासाठी असे पडदे बनत, आणि जुन्या मालाच्या बाजारात ते सापडू शकतात. आमची पसंती तिसऱ्याला आणि चौथ्याला आहे. तिसरा दोन काळांमधील अंतर कबूल करतो. चौथा ते अंतर खिडकीच्या बाजूने मिटवतो. पहिले दोघे ते लपवतात.

प्रमाणाचा हा प्रश्न चित्रापर्यंतही जातो. 'रामायण' मालिका जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात दाखवली गेली, त्या वेळी संचाला हार घालून, उदबत्ती लावून ती पाहिली गेल्याची वर्णने प्रसिद्ध आहेत. लाकडी पेटी आणि देव्हारा यांतील साम्य त्या दिवसांत उघड झाले. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ती मालिका पुन्हा दाखवली, तोवर घराघरांतले पडदे रुंद झाले होते. चारास तीनची प्रतिमा रुंद पडद्यावर दाखवायची तर तीनच वाटा असतात : दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडणे, वरचा-खालचा भाग छाटणे, किंवा चित्र ताणून माणसे बुटकी-रुंद करणे. जुन्या पेटीत रुंद पडदा आणि त्या पडद्यावर जुनी प्रतिमा अशी जोडी जमवली, तर चौकटीत चौकट आणि तिच्यात आणखी एक चौकट तयार होते. चमत्कारिक खरे, पण अप्रामाणिक नाही. प्रत्येक काळ आपापल्या मापाने तेथे दिसतो.

खोलीविषयीही असेच. मराठीत 'खोली' हा शब्द राहण्याच्या जागेला लागतो आणि आत किती जाता येते त्या मापालाही. जुन्या संचाने दोन्ही अर्थांनी खोली मागितली. काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत मागच्या टोकाकडून निघतो, चुंबकीय वेटोळी त्याला वळवतात, आणि तो पडद्याच्या कोपऱ्यांपर्यंत पोचायचा तर मागे अंतर हवे. त्या अंतरासाठी पेटी खोल होती. नव्या पडद्याची जाडी काही सेंटिमीटर. त्यामुळे पेटीच्या पाठीशी मोठी पोकळी उरते. तेथे बहुधा सेट-टॉप बॉक्स आणि तारांचा गुंता ठेवतात. कोणाला ही पोकळी फसवणूक वाटते. आम्हाला ती वाटत नाही. मागचे अंतर जिला लागत नाही अशी प्रतिमा, मागच्या अंतरासाठी बांधलेल्या घरात राहायला आली आहे. ती पोकळी म्हणजे गेलेल्या तंत्राने मागे ठेवलेले माप आहे.

आशय आणि रूप यांचा वाद मराठी समीक्षेला नवा नाही, आणि त्या वादातील आमचे एक जुने उदाहरण येथे फार उपयोगी पडते. बा. सी. मर्ढेकरांनी 'काही कविता' या १९४७ सालच्या संग्रहापासून यंत्रयुगातील शहराचा अनुभव अभंग-ओवीच्या जुन्या वळणांत बसवला. हीदेखील जुन्या पेटीतील नवी भरतीच होती. ती का साधली? मोठ्या अभंगाच्या कडव्याची अक्षरसंख्या सहा, सहा, सहा आणि चार. शेवटचा चरण आखूड आहे. तो येतो आणि कडवे मिटते. मर्ढेकरांनी ही मिटण्याची क्रिया चालू ठेवली. आत संतांची निष्ठा नाही, भंगलेल्या शहराची जाणीव आहे. तरीही चार अक्षरांची ती झडप ठरल्या जागी येऊन पडते. पूर्वी जेथे शरणागतीची शांती मिळत होती, तेथे आता काहीतरी अडकल्याचा खडखडाट ऐकू येतो. त्या खडखडाटातच नवा अर्थ आहे. त्यांनी अभंगाची केवळ बाह्य ओळख, चार जुने शब्द आणि एखादे संबोधन, घेतली असती आणि शेवटचा चरण हवा तसा लांबवला असता, तर ते शोभेचे काम झाले असते. रूप म्हणजे दिसणे नव्हे, रूप म्हणजे वागणे, हे त्या कवितेने दाखवून दिले. लाकडी पेटीलाही आम्ही तीच कसोटी लावतो.

जुने जतन करण्याची आणखी कठोर रीतही आपल्याकडे आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. नंतरच्या हातांनी घुसवलेले काढून मूळ पाठाकडे जाण्याचा तो प्रयत्न होता. दूरचित्रवाणी संचांच्या काही जाणत्या संग्राहकांची भूमिका अशीच आहे : बदलू नका, दुरुस्त करा, मूळ नळी, मूळ सर्किट, मूळ चित्र. या भूमिकेविषयी आम्हाला आदर आहे, आणि एखाद्या संग्रहालयात असा संच असायलाच हवा. पण घरासाठी ती वाट आता जवळजवळ बंद झाली आहे. अशा नळ्यांचे उत्पादन जगातून जवळपास संपले. शिवाय यंत्र दुरुस्त झाले तरी त्याने पकडायचे काय? प्रसारभारतीने २०२१-२२ पर्यंत बहुतेक सर्व अॅनालॉग प्रक्षेपणकेंद्रे बंद केली. छपरावरचा अँटेना ज्या लहरींसाठी होता त्या लहरीच उरल्या नाहीत. ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध झाल्यावर वाचणारी भाषा जिवंत होती. जुन्या संचाला त्याची भाषा बोलणारे आकाश राहिलेले नाही. मध्ये दुभाषी यंत्र जोडल्याशिवाय तो गप्प राहतो.

मूळ यंत्र काढून टाकण्यात एक जबाबदारी मात्र आहे, आणि सौंदर्यचर्चेत ती विसरली जाते. चित्रनळीला संच चालू असताना हजारो व्होल्टचा दाब दिलेला असतो. संच बंद केल्यावरही नळीच्या काचेत तो भार काही काळ टिकून राहू शकतो. नळीच्या आत निर्वात पोकळी असल्याने ती फुटली तर काचा जोराने उडतात. काचेत शिसेही असते. म्हणून हे काम जाणकाराच्या हातून व्हावे, आणि निघालेली नळी उकिरड्यावर न जाता ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलनात जावी. पुरीत जुन्या मूर्तीला समाधी मिळते; आपण जुन्या यंत्राला निदान विधिवत निरोप देऊ शकतो.

आमच्या मताविरुद्ध एक आक्षेप गंभीर आहे, आणि त्याला बगल देणे बरे नव्हे. झडपेचे तुम्ही गुणगान करता. पण त्या झडपेला कुलूप होते, आणि किल्ली कोणाकडे होती? बहुधा घरातील कर्त्या पुरुषाकडे. काय पाहायचे, केव्हा पाहायचे, परीक्षा जवळ आली की किती दिवस पाहायचे नाही, हे तो ठरवी. शेजारची मुले दारात उभी राहत आणि त्यांना आत घ्यायचे की नाही हे घरच्यांच्या मर्जीवर असे. स्वयंपाकघरातील बाईला झडप उघडी असतानाच्या तासांत नेमके सर्वांत जास्त काम असे. म्हणजे ज्या मिटण्याला तुम्ही अर्थपूर्ण म्हणता ती सत्ता होती. हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. जुन्या काळाचे हळवे चित्र रंगवणारे लोक ही किल्ली चित्रातून वगळतात, म्हणून तो वारंवार घ्यायलाही हवा.

परंतु त्यातून झडप काढून टाकावी असा निष्कर्ष निघत नाही. कुलूप आणि झडप या दोन वस्तू आहेत. कुलूप काढले तरी झडप सरकते. कोणीही उघडावी आणि कोणीही मिटावी अशी झडप घरात असणे ही गेल्या काळाची पुनरावृत्ती ठरणार नाही. ती गेल्या काळाला केलेली दुरुस्ती ठरेल. शिवाय आज मिटण्याचा अधिकार बापाच्या हातून सुटून घरातल्या सर्वांकडे आला, असेही झालेले नाही. पुढचा भाग आपोआप सुरू करणारी व्यवस्था घरातल्या कोणाचीच नाही. पूर्वी किल्ली निदान दिसत होती, आणि तिच्याविरुद्ध भांडता येत होते.

तेव्हा अशी पेटी कोणी नव्याने सजवत असेल, तर तिच्याकडे पाहताना आम्ही तीन गोष्टी विचारू. लाकूड कापले आहे का, म्हणजे उद्या कोणाला आतली वस्तू पुन्हा बदलायची झाल्यास ते शक्य राहिले आहे का? दोन मापांमधील तफावत दिसू दिली आहे का? आणि झडप चालते का? पहिल्या दोहोंविषयी मतभेद होऊ शकतील. घरोघरची अडचण निराळी असते. तिसऱ्याविषयी आम्ही आग्रही आहोत. झडप चालत नसेल तर ती पेटी भिंतीवर लावलेल्या पडद्याहून निराळी नाही. फक्त अधिक जागा अडवते.

साहित्य शिकणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी या किरकोळ वाटणाऱ्या फर्निचराकडे लक्ष द्यावे, असे आम्हाला वाटते त्याचे कारण एवढेच. कादंबरीचे शेवटचे पान, कवितेचा आखूड चरण, नाटकाचा पडदा, कीर्तनातील आरती या सर्वांनी वाचक-श्रोत्याला एकच गोष्ट शिकवली : संपणे हा रचनेचा भाग आहे, आणि संपल्यानंतरच्या शांततेत अर्थ लागू लागतो. ज्या माध्यमात आपले विद्यार्थी दिवसाचे कित्येक तास राहतात, त्याने ती शांतता काढून घेतली आहे. ती त्यांना परत मिळण्यासाठी वर्गात दीर्घ व्याख्याने देण्यापेक्षा, कोपऱ्यातल्या एखाद्या जुन्या पेटीच्या लाकडी पट्ट्या त्यांच्या हातून एकदा सरकवून घ्याव्यात. आतला पडदा कोणत्या सालचा आहे याला तेव्हा फारसे महत्त्व राहणार नाही.